बाहेरचं वजन

गुंजचा जगातल्या कुठल्याही गोष्टीवर पहिल्या फटक्यात विश्वास बसत नसे, आणि त्याचा दोष तिच्याइतकाच तिच्या धंद्याला द्यायला हवा. तिचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. दिवस उजाडल्यापासून तिच्या टेबलावर खोटं बोलणारे काटे येऊन बसत. कुणी थोडं जास्त सांगे, कुणी थोडं कमी, आणि काही तर असे बिलंदर की मालकासमोर एक सांगत आणि गिऱ्हाइकासमोर दुसरं. असल्या संगतीत वाढलेली बाई भाबडी कशी राहील? जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून वडिलांनी तिला सोनाराच्या सगळ्यात चिमुकल्या वजनाचं नाव ठेवलं होतं. आता ती चाळिशी ओलांडलेली, दोन्ही हातांनी धान्याचा काटा उचलून आपटणारी दणकट बाई झाली होती, पण नाव गुंजच राहिलं.

वडील गेल्यापासून घरात ती आणि तिची आत्या, अशा दोघीच. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. बिनलग्नाची, सत्तरीची, ताठ कण्याची. ती रस्त्याच्या टोकाला दिसली की नाक्यावरचे पुरुष सिगारेट विझवत आणि पोरं अभ्यासाच्या गोष्टी बोलायला लागत. दुपारी ती दुकानात येऊन पितळी वजनं फडक्यानं घासत बसे आणि घासता घासता सगळ्या गल्लीचं वागणं तपासे.

अशा या घरात एक बेकरीवाला येऊन पडला.

त्याचा काटा बिघडला होता, तेवढंच निमित्त. गुंजनं बेकरीत जाऊन तपासलं तर काटा कमी दाखवत होता, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला बिस्किटं जास्त जात होती.

"अहो, नुकसान होतंय तुमचं," ती म्हणाली.

"माहितेय की," बेकरीवाला पीठभरल्या हातानं कपाळ पुसत म्हणाला. "पण लोक किती खूश होऊन जातात, बघितलंत का?"

गुंजनं त्याला चांगलं फैलावर घेतलं, काटा उघडला, साफ केला, चोख करून दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर बेकरीवाला काट्यावर चोख वजन करत होता आणि पुडी बांधण्याआधी बरणीतलं एक बिस्कीट वर टाकत होता. काटा सुधारला, माणूस काही सुधारला नाही. तिथंच गुंज घसरली. पुढं काट्याची तब्येत विचारायला ती इतक्या वेळा बेकरीत गेली की काट्यालाच लाज वाटली असती.

बेकरीवाल्यानं लग्नाचं विचारलं ते सरळ, भट्टीसमोर उभं राहून. आणि विचारल्याबरोबर म्हणाला, "एक मात्र आहे. तरुणपणी मी जहाजावर स्वयंपाकी होतो. बंदरं बघितली, नको तेही बघितलं. साधू नव्हतो मी. तब्येत ठणठणीत आहे, पण मला वाटतं म्हणून तुम्ही का मानायचं? आपण दोघंही रक्ताची तपासणी करून घेऊ. ते... शरीरसंबंधातून होणारे आजार असतात ना, त्यांची."

हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. गुंजला तो त्या क्षणी जितका आवडला तितका त्याआधी आवडला नव्हता. शिवाय तिला स्वतःचीही धाकधूक होतीच. तिचा पहिला नवरा महिन्यातून निम्मे दिवस परगावी असे, आणि तिथं तो एकटा नसे, हे तिला फार उशिरा कळलं. ती विचारी तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं: "सगळं ठीक आहे." हे वाक्य तिनं वर्षानुवर्षं खरं मानलं होतं. घटस्फोटाला आता मोठा काळ लोटला होता, पण ते वाक्य कानाला अजून टोचायचं.

दोघं एकाच लॅबमध्ये गेले. दोघांचे अहवाल आले. एकेका आजाराचं नाव आणि पुढं तेच शब्द: आढळले नाही. आढळले नाही. आढळले नाही. बेकरीवाल्यानं आनंदाच्या भरात स्वतःच्याच बेकरीतला केक विकत घेतला आणि विचारलं, "मग तारीख?"

"थांबा जरा," गुंज म्हणाली.

आणि इथून पुढं तिनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

काय झालं होतं, तर तिच्या मनात पाल चुकचुकली होती. 'आढळले नाही' म्हणजे 'नाही' असं थोडंच? ते शब्द तिला 'सगळं ठीक आहे'चे सख्खे भाऊ वाटले. आणि वर धंद्यातली अक्कल आडवी आली. शून्य दाखवणारे काटे दोन प्रकारचे असतात: एक, ज्याच्यावर खरोखर काही ठेवलेलं नाही तो, आणि दुसरा, ज्याची सुई शून्यावर अडकून बसली आहे तो. दुसऱ्यावर हत्ती आणून बसवला तरी तो शून्यच दाखवील. नुसतं बघून दोघांतला फरक ब्रह्मदेवालाही कळायचा नाही. मग त्या लॅबचा काटा अडकलेला नाही कशावरून?

ती दुसऱ्या लॅबमध्ये गेली. तिथंही तेच आलं. दुसरा कुणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. गुंज म्हणाली, "दोन काटे एकाच वेळी अडकलेले मी पुष्कळ पाहिलेत."

मग ती पहिल्या लॅबमध्ये जाऊन तिथल्या तपासनीस बाईंसमोर बसली. बाई हसऱ्या होत्या, आणि अशी माणसं त्यांनी आधीही पाहिली असावीत.

"संसर्ग झाल्या झाल्या तपासलं तर कधी कधी चुकतं, हे खरं," बाईंनी समजावलं. "रक्तात खूण उमटायला काही आठवडे जातात. पण तुमचा घटस्फोट होऊन वर्षं झाली. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही."

"आणि यंत्रच बंद पडलेलं असेल तर?"

"रोज सकाळी आम्ही दोन नमुने लावतो. एक, ज्यात आजार आहे हे पक्कं माहीत असतं. आणि एक, ज्यात नाही. दोन्ही बरोबर आले तरच पुढची तपासणी."

हे ऐकून गुंज खरोखर खूश झाली. म्हणजे यांच्याकडेही प्रमाण वजनं असतात तर! पण दाराशी पोचेपर्यंत तिचा चेहरा पुन्हा पडला.

"पण बाई, नमुना तुमचा आणि यंत्रही तुमचं. दुकानदाराचं वजन दुकानदाराच्या काट्यावर बरोबरच उतरतं. काटा तपासायचा तर वजन बाहेरचं लागतं."

बाईंनी हात टेकले. "मग आणा बाहेरचं," त्या हसून म्हणाल्या.

इकडे बेकरीवाल्याचं हसू उतरत चाललं होतं. तो तक्रार करणारा माणूस नव्हे; पण तारखेचं विचारलं की 'थांबा जरा' हेच ऐकून ऐकून कुणाचंही मन खट्टू होणारच. एकदा पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "दोघांचेही कागद त्याच लॅबचे. तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही, की माझ्यावर नाही? माझ्यावर नसेल तर तसं सांगा. मी समजून घेईन."

"तसं नाही हो," गुंज म्हणाली. पण कसं आहे, ते तिला सांगता येईना.

घरी येऊन तिनं पुडी सोडली आणि सवयीनं काट्यावर टाकली. वजन चोख भरलं. वरचं बिस्कीट नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. तिला तो माणूस हवा होता. नक्की हवा होता. आणि स्वतःच्या संशयापायी आपण त्याला घालवतोय, हेही तिला दिसत होतं. पण संशय काही केल्या हटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आत्या वजनं घासत होती. गुंज एका काट्याचं पोट उघडून बसली होती आणि त्यातल्या स्प्रिंगशीच बोलावं तशी बोलत होती.

"एक पक्कं वजन मिळालं असतं ना, तर प्रश्न सुटला असता. एखादं माणूस, ज्याच्या रक्तात सापडायलाच हवं असं आपल्याला आधी माहीत आहे. त्याला नेलं, त्यांनी ओळखलं, की संपलं. पण असं माणूस आणू कुठून? रस्त्यात उभं राहून विचारू लोकांना?"

आत्याचं फडकं थांबलं.

"आणायला कशाला हवं?" ती म्हणाली. "घरात आहे की."

"घरात कोण?"

"घरात आपण दोघी. तू स्वतःला तपासून दमलीस. मग राहिलं कोण?"

गुंजच्या हातातला पेचकस खाली पडला. तिला वाटलं, आत्याची थट्टा चाललीय. पण आत्या आयुष्यात थट्टा करताना कुणी पाहिली नव्हती.

"सिफिलिस," आत्या म्हणाली, शेजारणीचं नाव घ्यावं इतक्या सहज. "आमच्या वेळी गरमी म्हणायचे. तीस वर्षांची असेन. आता तोंड मीट, माशी जाईल."

गुंजनं तोंड मिटलं.

"आपल्याकडे वजनं विकायला एक जण यायचा, आठवतो? तुला कुठून आठवणार, तू रांगत होतीस. उंच होता. गायचा छान. लग्न ठरवलं होतं आम्ही, मनातल्या मनात. आणि लग्नापर्यंत थांबलो नाही, झालं. त्याला आधीचं कुठलं तरी लागलेलं होतं, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. कळलं तसं स्वतः येऊन सांगितलं, माझा हात धरून डॉक्टरकडे नेलं. वाईट नव्हता गं. दोघांनाही इंजेक्शनं दिली. अशी इंजेक्शनं की मला दोन दिवस बसता येईना. तुझा बाप विचारतोय, ताई उभ्यानं का जेवतेस? काय सांगू त्याला?"

गुंजला हसू फुटलं आणि लगेच तिनं ते दाबलं.

"हस, हस. मीही हसायला हवं होतं तेव्हा. डॉक्टर म्हणाले, रोग गेला. पण एका तपासणीत त्याची खूण दिसत राहील, बहुतेक जन्मभर. जखम भरली तरी व्रण राहतो, तशी. ती खूण म्हणजे रोग नव्हे, बाई, खुशाल लग्न करा. तो तर दुसऱ्या दिवशी करायला तयार. मी म्हटलं, थांब जरा. पुन्हा एकदा तपासून बघते."

गुंजनं मान वर केली. हे शब्द तिला फार ओळखीचे होते.

"तपासलं की खूण दिसायची. दिसणारच होती! सांगितलंच होतं त्यांनी. पण मी खुणेवर विश्वास ठेवला आणि डॉक्टरवर नाही. त्याच्यावरही नाही. तो थांबला, बराच थांबला. मग एक दिवस वजनं विकायला दुसराच माणूस आला." आत्यानं हातातलं वजन डबीत ठेवलं आणि पुढचं उचललं. "तुझ्या बापाला शेवटपर्यंत वाटत होतं की मी वजनांच्या किमतीवरून भांडले म्हणून तो यायचा बंद झाला."

गुंज उठली आणि तिनं आत्याला घट्ट मिठी मारली. आयुष्यभर जिला ती दगडाची समजत आली होती, ती केवढं पोटात ठेवून बसली होती! तिला आत्याची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि प्रेम तर इतकं दाटून आलं की मिठी सोडवेना.

"सोड. तेलाचे हात आहेत माझे," आत्या म्हणाली, पण तिनंही लगेच सोडलं नाही. "काय मग, चालेल का हे वजन? चाळीस वर्षांचं आहे, गंज नाही धरलेला."

गुंजनं डोळे पुसले. आणि हाडाची काटेदुरुस्तीवाली असल्यामुळे पुढचा प्रश्न तिच्या तोंडून निसटलाच.

"पण आत्या, तपासण्या तर बऱ्याच आहेत. तुझ्यामुळे एकच पक्की होईल. बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांची वजनं पुरवायला मला वेळ मिळाला नाही गं," आत्या म्हणाली. "आणखी थोडी हिंडले असते तर मिळाली असती."

लॅबमध्ये तपासनीस बाईंनी आत्याकडे पाहिलं, गुंजकडे पाहिलं, आणि आवाज हळू केला. "आजी, ही तपासणी कशाची आहे, तुम्हाला माहीत आहे ना? तुमच्या मर्जीनं आलात ना?"

"तर! मीच हिला घेऊन आलेय."

"पूर्वी असं काही झालं होतं का?"

"ते तुम्ही सांगायचं," आत्या बाही वर करत म्हणाली. "वजन स्वतः बोलायला लागलं तर काट्याची परीक्षा कशी व्हायची?"

बाईंना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी रक्त घेतलं. अहवाल मिळेपर्यंत गुंजनं एक काटा दोनदा उघडून दोनदा उलटा बसवला. आत्या मात्र गाणं गुणगुणत होती. तिचा गळा इतका गोड आहे, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

अहवाल द्यायला बाईंनी दोघींना आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं, पाण्याचा पेला पुढं केला आणि आवाजात मध घातला. "आजी, घाबरायचं काही कारण नाही. पण एका तपासणीत..."

"सापडलं?" गुंज खुर्चीतून उडालीच. "सांगा ना, सापडलं का?"

"हो, म्हणजे जुनी खूण..."

"सापडलं!" गुंजनं टाळी वाजवली आणि आत्याचे दोन्ही गाल धरले. "आत्या, सापडलीस तू! काटा चालतो!"

बाईंच्या त्या खोलीत लोक रडले होते, चिडले होते, एक जण बेशुद्धही पडला होता. टाळ्या मात्र पहिल्यांदाच वाजत होत्या. त्या भांबावून एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. मग आत्यानं त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांनाच तो पेला घ्यावा लागला.

"आता माझं ऐका," हसू आवरून बाई म्हणाल्या. "अशी खूण सापडली की आम्ही दुसरी तपासणी लावतो. आजार अजून अंगात आहे का, ते बघायला. तुमच्यात काही नाही. म्हणजे तेव्हाचे उपचार अगदी पक्के झाले होते. तुम्ही पूर्ण बऱ्या आहात, आजी."

"बरी आहे?" आत्यानं विचारलं.

"केव्हाच्याच."

आत्यानं अहवालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "हेच म्हणत होता तो," ती म्हणाली. "अगदी हेच." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. गुंजनं तिचा हात धरून ठेवला. तिला कळून चुकलं होतं की आपण लॅबचा काटा तपासायला म्हणून आलो. अडकलेला काटा मात्र आपल्याच छातीत होता, आणि आत्याच्याही. आत्याचा काटा तर चाळीस वर्षं हलला नव्हता.

बाहेर पडल्यावर आत्यानं पदर न शोधता हाताच्या पालथीनंच डोळे कोरडे केले आणि म्हणाली, "चल, बेकरीत."

"आत्ता? मी जरा तोंड धुऊन..."

"थांबा जरा म्हणालीस तर इथंच रस्त्यात थोबाडीन."

बेकरीत गर्दी नव्हती. बेकरीवाला बिस्किटांची बरणी भरत होता. गुंजला बघून त्याचा चेहरा उजळला आणि मग, तारखेचा विषय आपण काढायचा नाही हे आठवून, मावळला. मागं आत्या दिसल्यावर त्यानं घाईघाईनं टोपी सरळ केली.

"नेहमीचीच बिस्किटं," गुंज म्हणाली.

त्यानं काट्यावर बिस्किटं टाकली. सुई नेमक्या खुणेवर येऊन थांबली. चोख, तिनंच सुधारलेला काटा होता तो. तो पुडी बांधायला लागणार, तेवढ्यात गुंजनं त्याच्या बरणीत हात घातला, एक बिस्कीट काढलं आणि पारड्यात टाकलं. सुई खुणेच्या पुढं सरकली. मग तिनं आणखी एक टाकलं.

बेकरीवाला सुईकडे बघत राहिला. "अहो, वजन चुकतंय."

"चुकू दे," गुंज म्हणाली. "या रविवारी चालेल तुम्हाला?"

त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्याचे कान लाल झाले, आणि त्यानं काउंटरवरून वाकून तिचे दोन्ही हात धरले, पिठासकट. आत्याचं तिकडं लक्ष नव्हतं, असं ती नंतर सगळ्यांना सांगत असे.

"पण एवढे दिवस जमत नव्हतं, आणि आज एकदम कसं?" त्यानं विचारलं. "लॅबवर विश्वास कसा बसला?"

गुंजनं आत्याकडे पाहिलं. ते गुपित तिचं नव्हतं. सांगायचं की नाही, ते आत्यानं ठरवायचं होतं. आत्यानं पारड्यातलं वरचं बिस्कीट उचललं, तुकडा मोडला, सावकाश चावला.

"रविवारी बसून सांगते सगळं," ती म्हणाली. "बराच उंच होता तो. आणि गायचा छान."